निष्ठा आणि लिलाव

2008 च्या एप्रिलमध्ये तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातील काही मराठी हस्तलिखिते पाहून परत येताना मी चेन्नईला एका स्नेह्यांच्या घरी दोन दिवस मुक्काम केला होता. घर तिरुवल्लिक्केणीत, म्हणजे समुद्रापासून आणि चेपॉकच्या क्रिकेट मैदानापासून चालत जाण्याच्या अंतरावर. कुटुंब तंजावरी मराठी. व्यंकोजीराजांच्या राज्याबरोबर दक्षिणेत येऊन स्थिरावलेल्या घराण्यांपैकी ते एक. घरात बोलली जाणारी मराठी जुन्या वळणाची, तमिळ शब्दांत पुरती मिसळून गेलेली, आणि तरीही आपल्या कानाला क्षणात ओळख पटावी अशी. कावेरीच्या मुखप्रदेशात त्यांची थोडी भातशेती अद्याप शिल्लक होती.

त्या महिन्याच्या 23 तारखेला चेपॉकवर नव्याने सुरू झालेल्या इंडियन प्रीमियर लीगचा तिथला पहिला सामना होता. चेन्नई विरुद्ध मुंबई. स्पर्धा सुरू होऊन जेमतेम पाच दिवस झाले होते. यजमानांचा बाविशीतला पुतण्या पिवळा सदरा घालून, दोन तिकिटे हातात घेऊन काकांसमोर उभा राहिला आणि म्हणाला, ‘‘चला, आपला सामना आहे.’’ सत्तरी गाठलेले यजमान गच्चीवरच्या आरामखुर्चीतून उठले नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, ‘‘आपला म्हणजे कोणाचा?’’

या प्रश्नावर त्या संध्याकाळी तासभर वाद झाला. शेवटी पुतण्या मित्राला घेऊन सामन्याला गेला. आम्ही दोघे गच्चीवर बसून मैदानाच्या दिशेने येणारा गलका ऐकत राहिलो. चेन्नईने तो सामना सहा धावांनी जिंकला. परंतु काकांच्या प्रश्नाचे उत्तर त्या सहा धावांत नव्हते, आणि नंतरची अनेक वर्षे तो प्रश्न माझ्या मनातून गेला नाही. ज्याच्याशी आपले जन्माचे, रक्ताचे वा मातीचे नाते नाही, जे कोणीतरी पैसे मोजून उभे केले आहे आणि उद्या पैसे मोजूनच मोडता येईल, त्यावर माणसाची निष्ठा जडू शकते काय? जडली, तर तिला निष्ठा म्हणावे, की जाहिरातीने घडवलेला एक लोभस भ्रम?

काकांची बाजू तशी भक्कम होती. त्यांचे म्हणणे असे, की संघ आधी असतो आणि त्याचा खरेदीदार नंतर येतो, ही जगाची रीत आहे. इथे सारेच उलटे घडले. 24 जानेवारी 2008 रोजी आठ शहरांच्या नावांचा लिलाव झाला. चेन्नईचे नाव एका सिमेंट कंपनीने 9 कोटी 10 लाख डॉलरांना घेतले. मग 20 फेब्रुवारीला मुंबईत खेळाडूंचा लिलाव झाला आणि झारखंडचा महेंद्रसिंग धोनी 15 लाख डॉलरांना, त्या दिवसाच्या सर्वांत मोठ्या बोलीला, चेन्नईकर झाला. त्याच्या जोडीला ऑस्ट्रेलियाचा हेडन, न्यूझीलंडचा फ्लेमिंग, श्रीलंकेचा मुरलीधरन. जानेवारीत ज्याला नावही नव्हते, त्या संघासाठी एप्रिलमध्ये गळा काढून ओरडायचे, याला प्रेम म्हणावे की आज्ञापालन? मालकाने रंग ठरवला, आम्ही तो अंगावर चढवला. उद्या त्याने रंग बदलला तर आम्हीही बदलायचा काय?

त्यांचा दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म होता. तो वीस षटकांच्या खेळाविषयी होता. खेळ लहान झाला याचे त्यांना दुःख नव्हते. लहान खेळात प्रेक्षकाला न्यायबुद्धी वापरायला सवड मिळत नाही, याचे होते. ते म्हणाले, पाच दिवस प्रतिपक्षाच्या सहवासात काढले, म्हणजे तो प्रतिपक्ष तुम्हाला माणूस म्हणून दिसू लागतो. एकशेवीस चेंडूंत तो केवळ अडथळा असतो. आणि मग त्यांनी 31 जानेवारी 1999 ची गोष्ट सांगितली.

ती गोष्ट क्रिकेटच्या अभ्यासकांना ठाऊक आहे. तरीही प्रत्यक्ष मैदानावर बसलेल्या माणसाच्या तोंडून ऐकताना तिला वेगळे वजन येते. त्या दौऱ्याला देशात उघड विरोध होता. दिल्लीच्या मैदानाची खेळपट्टी काही दिवस आधीच उखडण्यात आली होती. अशा वातावरणात चेपॉकवर भारत आणि पाकिस्तान यांचा कसोटी सामना झाला. चौथ्या डावात भारतापुढे 271 धावांचे लक्ष्य होते. पाठदुखीने बेजार झालेल्या सचिन तेंडुलकरने 136 धावा करून सामना जवळजवळ हाताशी आणला. तो बाद झाला तेव्हा केवळ 17 धावा हव्या होत्या. उरलेले गडी आणखी चार धावांत कोसळले आणि भारत 12 धावांनी हरला. क्षणभर मैदान स्मशानासारखे शांत झाले. मग कोणीतरी उठून टाळी वाजवली, मग आणखी कोणी, आणि बघता बघता सारे प्रेक्षागृह उभे राहिले. पाकिस्तानच्या खेळाडूंनी मैदानाला फेरी घातली आणि चेपॉक त्यांच्यासाठी टाळ्या वाजवीत राहिले. काका म्हणाले, ‘‘मी रडत होतो आणि टाळ्याही वाजवीत होतो. त्या दिवशी मला कळले, की आपला संघ म्हणजे काय. ज्याच्या पराभवाने रडू येते, पण ज्याच्यासाठी मी आंधळा होत नाही, तो आपला संघ.’’

पुतण्याने हे सारे आदराने ऐकून घेतले. त्याचे उत्तर छोटे होते. ‘‘काका, आपण इथले कसे?’’ त्याने विचारले. तीन शतकांपूर्वी आपले पूर्वज एका राजाच्या चाकरीत, वेतन घेऊन या मुलखात आले. त्यांना इथल्या मातीने जन्म दिला नव्हता. राजवट 1855 मध्ये संपली आणि आपण राहिलो. आज आपण तमिळ वाचतो, तमिळमध्ये स्वप्ने पाहतो आणि चेन्नईला आपले गाव म्हणतो. बंगळूरच्या मराठी घरात जन्मलेला शिवाजीराव गायकवाड इथे येऊन रजनीकांत झाला. त्याला कोणी विचारले नाही, की तू इथला कसा. मग रांचीच्या मुलालाच तो प्रश्न का? पगार घेऊन आला म्हणून? आपले पूर्वजही पगार घेऊनच आले होते. माणूस कुठून आला यावर आपलेपण ठरत नाही. आल्यावर तो काय करतो आणि आपण त्याला काय देतो, यावर ठरते.

मला त्या वेळी पुतण्याचे म्हणणे चतुर वाटले, पण पुरेसे वाटले नाही. नंतर विचार करताना ध्यानात आले, की निदान मूळाविषयीच्या वादात त्याची बाजू इतिहासाला अधिक धरून होती. जन्मसिद्ध निष्ठा शुद्ध आणि विकत घेतलेली निष्ठा अशुद्ध, ही विभागणी आपण फार सहजपणे गृहीत धरतो. भारतीय क्रिकेटचा आरंभ पाहिला तर काय दिसते? मुंबईत हिंदू, पारशी, मुसलमान आणि युरोपियन यांचे चौरंगी सामने होत. पुढे इतरांचा संघ मिळून ते पंचरंगी झाले. मद्रासमध्ये 1915-16 च्या हंगामापासून युरोपियन विरुद्ध भारतीय असा सामना पोंगलच्या सुमारास भरू लागला, आणि तो याच चेपॉकवर. त्याही आधी, 1888 मध्ये, बुची बाबू नायडूंना मद्रास युनायटेड क्लब काढावा लागला, कारण गोऱ्यांच्या क्लबात भारतीयांना बरोबरीचे स्थान नव्हते. त्या संघांपैकी एकही लिलावात घेतलेला नव्हता. प्रत्येकाचे सभासदत्व जन्माने ठरलेले होते. आपला संघ कोणता, हा प्रश्न विचारण्याची तेव्हा गरजच पडत नसे.

परंतु त्या जन्मसिद्ध आपलेपणात पळवणकर बाळूंचे काय झाले? पुण्याच्या जिमखान्यावर गोऱ्या साहेबांना चेंडू टाकता टाकता घडलेला हा चर्मकार समाजातील गोलंदाज 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेऊन आला. तो हिंदू संघाचा आधारस्तंभ होता. मैदानावर तो ‘आपला’ होता, आणि चहाच्या वेळी त्याला मंडपाबाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळे. कर्णधारपद त्याला कधीच मिळाले नाही. ते 1923 मध्ये त्याचा भाऊ विठ्ठल याच्या वाट्याला आले, तेही बऱ्याच वादानंतर. जन्माने दिलेले आपलेपण असे असते. ते ज्यांना आत घेते त्यांच्यातही ओळी आखते, आणि ज्यांना बाहेर ठेवते त्यांच्याशी वैर शिकवते. 1940 च्या डिसेंबरात गांधीजींनी पंचरंगी सामन्यांना विरोध केला तो याचसाठी. या इतिहासाशेजारी ठेवून पाहिला, तर लिलावातून उभा राहिलेला संघ निदान एका बाबतीत निर्दोष वाटतो. तो कोणाची जात विचारत नाही.

तरीही बाजार निःपक्षपाती असतो, असे म्हणण्याची घाई करू नये. 2010 च्या जानेवारीतील लिलावात पाकिस्तानचे 11 खेळाडू यादीत होते. त्यांच्यातले काही आदल्याच वर्षी वीस षटकांचा विश्वचषक जिंकलेले होते. त्यांच्यापैकी एकावरही कोणी बोली लावली नाही. ज्या मैदानाने अकरा वर्षांपूर्वी त्या देशाच्या संघाला उभे राहून मानवंदना दिली होती, त्या शहराच्या नावाचा संघही त्या दिवशी गप्पच राहिला. प्रेक्षकांना जे जमले ते मालकांना जमले नाही. तेव्हा जन्म असो वा किंमत, संघाचे मूळ शोधून निष्ठेचे मोल ठरत नाही. मूळ दोन्हीकडे गढूळच आहे. प्रश्न पुढच्या प्रवाहाचा आहे.

हे मला स्वतःच्या शहराकडे पाहताना अधिक स्पष्ट झाले. मी पुण्यात राहतो. पुण्यालाही या स्पर्धेत दोनदा संघ मिळाला. पहिला 2011 ते 2013 असा तीन हंगाम खेळून नाहीसा झाला. दुसरा 2016 आणि 2017 असा दोन वर्षांसाठीच होता. चेन्नई आणि राजस्थान या संघांना निलंबित केल्यामुळे रिकाम्या झालेल्या जागी तो आला होता. त्यात पहिल्या वर्षी कर्णधार होता स्वतः धोनी. दुसऱ्या वर्षी हा संघ अंतिम सामन्यात पोहोचला आणि एका धावेने हरला. एका धावेचा पराभव! याहून हृदयद्रावक असे खेळात काय असू शकते? पण दुसऱ्या दिवशी पुण्यात त्याचा शोक झाला नाही. चार लोक हळहळले आणि कामाला लागले. तोच खेळाडू, तीच स्पर्धा, तोच पैसा. पण चेन्नईत जे रुजले ते इथे रुजले नाही.

म्हणजे जाहिरातीने निष्ठा घडवता येते, हा काकांचा समज खरा नव्हता. घडवता आली असती तर पुण्यातही आली असती. पुण्याचे प्रेम दोन वर्षांच्या कराराइतकेच होते, कारण ते संपणार आहे हे आधीच ठाऊक होते. ज्याचा शेवट ठरलेला आहे त्यात माणूस स्वतःला गुंतवीत नाही. भाड्याच्या घराच्या अंगणात कोणी आंब्याचे झाड लावीत नाही. चेन्नईच्या लोकांनी झाड लावले. जागेची मालकी त्यांची नव्हती, हे त्यांनाही ठाऊक होते. पण लावणाऱ्याने पाणी घातले की झाडाचे आणि त्याचे नाते जुळते. सातबाऱ्यावर नाव कोणाचे हा वेगळा प्रश्न उरतो. निष्ठा ही मिळणारी वस्तू नाही, ती देण्याची वस्तू आहे, आणि जे दिले जाते त्याचे खरेपण देणाऱ्याच्या देण्यात असते, घेणाऱ्याच्या पात्रतेत नसते. एवढ्यापुरता मी पुतण्याच्या बाजूला आलो.

परंतु इथेच खरा नैतिक प्रश्न सुरू होतो. निष्ठा खरी आहे एवढ्याने ती चांगली ठरत नाही. 2013 च्या मे महिन्यात चेन्नई संघाच्या कारभारात वावरणाऱ्या, मालकाच्याच नात्यातील एका व्यक्तीला सट्टेबाजीच्या आरोपाखाली अटक झाली. संघाची मालक असलेल्या कंपनीचे प्रमुख हेच त्या वेळी देशाच्या क्रिकेट मंडळाचेही अध्यक्ष होते. ज्याने नियम करायचे त्याचाच संघ त्या नियमांखाली खेळत होता. ही गाठ सर्वोच्च न्यायालयाने 22 जानेवारी 2015 रोजी सोडवली, आणि त्याच वर्षी 14 जुलैला न्यायमूर्ती लोढा यांच्या समितीने चेन्नई आणि राजस्थान या दोन्ही संघांना दोन वर्षांसाठी निलंबित केले.

त्या काळात पुतण्याशी माझा दूरध्वनीवर वाद होत असे. त्याचा आणि त्याच्या मित्रांचा सूर असा, की आपल्यावर अन्याय झाला. मैदानावर घाम गाळणाऱ्यांनी काय केले होते? त्यात तथ्य नव्हते असे नाही. एकाच्या अपराधाची शिक्षा अनेकांनी भोगावी काय, हा नीतिशास्त्रातला जुना आणि अवघड प्रश्न आहे. पण मला खटकत होते ते दुसरेच. आपल्या संघाच्या नावाने काय काय चालले होते, असा जाब त्या तरुणांपैकी फारच थोडे विचारीत होते. घरातल्या माणसाने चोरी केली तर शेजाऱ्याला संताप येतो, पण लाज घरच्यांनाच वाटते. लाज वाटणे हे आपलेपणाचे लक्षण आहे. ज्याला केवळ विजयात वाटा हवा आहे आणि लाजेत नको, तो ग्राहक आहे, निष्ठावंत नव्हे. मी हे त्याला एकदा सांगितले. तो काही वेळ बोलला नाही. मग म्हणाला, ‘‘तुम्ही म्हणता ते बरोबर असेल. पण लाज वाटायलाही संघ परत यावा लागेल. नसलेल्याची लाज कशी वाटणार?’’ हे उत्तर मला तेव्हा पळवाट वाटले. आज तितके वाटत नाही.

संघ 2018 मध्ये परतला, आणि परतताच दुसऱ्या, अधिक कठीण कसोटीला उतरला. कावेरीच्या पाणीवाटपाचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 16 फेब्रुवारी 2018 रोजी दिला होता. त्याच्या अंमलबजावणीची योजना केंद्राने सहा आठवड्यांत करावयाची होती. मुदत उलटली, योजना झाली नाही, आणि तामिळनाडूत आंदोलन पेटले. शेतकरी पाण्यासाठी रस्त्यावर असताना चेपॉकवर प्रकाशझोतात उत्सव कसा चालू शकतो, असा प्रश्न विचारला जाऊ लागला. 10 एप्रिलचा सामना कडक पोलीस बंदोबस्तात झाला. मैदानात पादत्राण भिरकावले गेले. त्यानंतर चेन्नईतले उरलेले सहा सामने पुण्याजवळच्या गहुंजे येथे हलवण्यात आले.

त्या घरात हा प्रश्न वर्तमानपत्रातला राहिला नव्हता. शेती कावेरीच्या पाण्यावरची होती. मेट्टूर धरणाचे दरवाजे रिवाजाप्रमाणे 12 जूनला उघडतात आणि त्या पाण्यावर कुरुवै भाताची लावणी होते. कित्येक वर्षे ती तारीख पाळली गेली नव्हती. ऐंशीला टेकलेल्या काकांचे मत असे, की सामने बंद झाल्याने नदीत एक थेंबही वाढणार नाही, हे खरे. पण शेजारी सुतक असताना आपण वाद्ये वाजवीत नाही, तेही मृत माणूस परत येईल म्हणून नव्हे. पुतण्याचे म्हणणे, की शहरात चित्रपटगृहे चालू, दुकाने चालू, कार्यालये चालू. एकट्या क्रिकेटलाच सुतक का? दिसते म्हणून? सोपे लक्ष्य आहे म्हणून? दोघांच्याही बोलण्यात अर्थ होता, आणि दोघांनाही दुसऱ्याचा अर्थ कळत होता. म्हणूनच तो वाद दुखरा होता. एकमेकांना बेइमान म्हणणारी माणसे बाहेर पुष्कळ होती. या घरात ती सोय नव्हती.

सुमारे एक हजार चाहत्यांना घेऊन संघव्यवस्थापनाने चेन्नईहून पुण्याला एक खास आगगाडी सोडली. 20 एप्रिलच्या सामन्यासाठी पुतण्या त्या गाडीने आला. गहुंज्याला शेन वॉटसनने शतक ठोकले आणि चेन्नईने राजस्थानला 64 धावांनी हरवले. परक्या शहरातले ते मैदान पिवळे झालेले मी स्वतः पाहिले. जे प्रेम पुण्याने आपल्या संघाला दिले नव्हते, ते चेन्नईचे लोक एक अख्खा दिवस आगगाडीत बसून पुण्यात घेऊन आले होते. त्या रात्री मला कबूल करावे लागले, की ही निष्ठा आहे. तिला दुसरे नाव नाही.

पण दुसऱ्या दिवशी जेवताना मी त्याला दुसऱ्या एका आगगाडीची गोष्ट सांगितली. 2016 च्या एप्रिलमध्ये मराठवाड्यात असा दुष्काळ होता, की मिरजेहून लातूरला रेल्वेने पिण्याचे पाणी न्यावे लागले. त्याच आठवड्यात मुंबई उच्च न्यायालयाने 30 एप्रिलनंतरचे या स्पर्धेचे सामने महाराष्ट्राबाहेर नेण्याचा आदेश दिला, कारण खेळपट्ट्यांवर पाणी ओतले जात होते. पुण्याचा संघ तेव्हा विशाखापट्टणमला गेला. दोन वर्षांनी पाण्यानेच चेन्नईचा संघ पुण्यात आणून सोडला. आणि त्याच सुमारास गहुंजेच्या मैदानासाठी पवनेचे पाणी वापरण्यास उच्च न्यायालयाने मनाई केली. तेव्हाही अनेकजण म्हणाले होते, की मैदानाच्या पाण्याने लातूरची तहान भागणार नाही. हिशेबाने ते बरोबर होते. पण तो आदेश लिटरांच्या हिशेबापुरता नव्हता. तहानलेल्या माणसाच्या डोळ्यांदेखत पाणी कशासाठी ओतावे आणि कशासाठी ओतू नये, हा त्यातला प्रश्न होता.

पुतण्या हात धुऊन बराच वेळ खिडकीशी उभा होता. मग त्याने सांगितले, की निघताना त्याला वाटले होते, काका अडवतील. त्यांनी अडवले नाही. ते म्हणाले, ‘‘जा. तुझे मन तिकडे आहे, तर देहाने इथे राहून काय उपयोग? पण परत आलास की एकदा शेताकडे जाऊन ये.’’ त्याला ते वाक्य गाडीत रात्रभर छळत होते. सारा डबा गात होता, शिट्ट्या वाजत होत्या, तोही वाजवीत होता. आणि मध्येच त्याला वाटे, की आपण दोन घरचे पाहुणे आहोत आणि दोन्ही घरी आपले पान मांडलेले आहे.

मला वाटते, त्या अस्वस्थतेतच या साऱ्या वादाचे उत्तर होते. खेळातली निष्ठा ही मोठी गोष्ट आहे, पण ती खेळातली आहे, हे तिला ठाऊक असले पाहिजे. ज्याला संघ म्हणजे केवळ खरेदीविक्री वाटते, त्याला प्रेम करता येत नाही. काका आरंभी त्या बाजूला झुकले होते. ज्याला संघ म्हणजे सर्वस्व वाटते, त्याला त्याच्या नावाने झालेल्या अपराधाची लाज वाटत नाही, शेजारचे सुतक दिसत नाही, आणि जिंकलेल्या प्रतिस्पर्ध्यासाठी टाळी वाजवता येत नाही. पुतण्या काही काळ त्या टोकाला गेला होता. 1999 च्या त्या दुपारी चेपॉकवर उभ्या राहिलेल्या माणसांनी दोन्ही टोके टाळली. ती रडली, कारण संघ त्यांचा होता. त्यांनी टाळ्या वाजवल्या, कारण तो खेळ होता. ही दोन कामे एकाच वेळी करता येणे, यालाच मी निष्ठेची परिपक्वता म्हणेन. ती पाच दिवसांच्या खेळाने येते आणि तीन तासांच्या खेळाने येत नाही, असे मात्र मला आता वाटत नाही. घाईच्या खेळात ती अधिक अवघड आहे, एवढेच खरे. ती चेंडूंच्या संख्येवर अवलंबून नाही. आपण ज्यावर प्रेम करतो त्याकडे उघड्या डोळ्यांनी पाहण्याची तयारी आपल्यात किती आहे, यावर ती अवलंबून आहे.

चेन्नईने त्या वर्षी स्पर्धा जिंकली. 27 मेच्या अंतिम सामन्यानंतर पुतण्याचा दूरध्वनी येईल, असे मला वाटले होते; आला नाही. तो जूनच्या मध्यावर आला, शेतावरून. 12 तारीख उलटून गेली होती आणि मेट्टूरचे दरवाजे बंदच होते. कालवा कोरडा होता. काका त्याच्याबरोबर गेले होते आणि बांधावर छत्री घेऊन बसले होते. पुतण्याने त्यांच्या हाती दूरध्वनी दिला. त्यांनी पिकाबद्दल दोन वाक्ये सांगितली, माझ्या प्रकृतीची चौकशी केली, आणि मग जरा थांबून विचारले, ‘‘अंतिम सामना पाहिलात ना? आपला वॉटसन काय खेळला!’’

धरणाचे दरवाजे त्या वर्षी 19 जुलैला उघडले. आता काका नाहीत. त्यांच्या तोंडचा तो ‘आपला’ हा शब्द मात्र मला अजून ऐकू येतो. दहा वर्षांपूर्वी त्यांनीच त्याचा अर्थ विचारला होता. तो त्यांनी सहज उच्चारला तेव्हा ते कोरड्या कालव्याच्या बांधावर बसलेले होते, म्हणूनच कदाचित तो मला खरा वाटला.